भूत म्हणतं, दवाखान्यात न्या

मी आयुष्यात एकच पुस्तक ऐकलं, आणि ते ज्याच्यावर लिहिलं होतं त्या माणसाची मला शिसारी आहे. ऐकलं म्हणतो, कारण मी चौथीपर्यंत गेलेला. सातबारा वाचतो, बसची पाटी वाचतो, खताच्या गोणीवरचं वाचतो. पुस्तक वाचायची ती माझी बायको. ती सातवी झालेली होती आणि हे ती मला अधूनमधून ऐकवायची. भाजी बांधून आलेला पेपरसुद्धा ती उलटासुलटा करून वाचल्याशिवाय चुलीत घालायची नाही.

हळद विकायला वसमतला गेलो की ती संग यायची. मी मोंढ्यात सौद्याला, ती स्टँडाजवळच्या रद्दीवाल्याच्या पोत्यावर बसलेली. तिथून ती वजनावर पुस्तकं आणायची. लोकांच्या बायका बांगड्या भरून यायच्या, आमची किलोभर भुतं घेऊन यायची. तिला भुताच्याच गोष्टी लागत. देवाच्या वाचत जा म्हटलं तर म्हणायची, "देवाचं मला ठावं हाये. पुढं काय व्हनार ते आधीच कळतं."

हे पुस्तक तिनं तसंच आणलेलं. वरचं पान फाटलेलं. आत एका गोऱ्या माणसाचा फोटो, लांबट तोंड, चापून बसवलेले केस, आठ दिवस झोप नसल्यासारखे डोळे. हा माणूस आमच्या गावात आला असता तर बायांनी अंगणातली लेकरं आत घेतली असती. अमेरिकेचा होता. शंभर-सव्वाशे वर्षांमागचा. पहिल्या अर्ध्यात त्याची जिंदगी होती आणि दुसऱ्या अर्ध्यात त्यानं लिहिलेल्या भुताच्या गोष्टी. त्याचं नाव ती बराबर घ्यायची. मला तोडकंमोडकं येतं, पण इथं मी ते घेणार नाही.

होळीच्या आसपास आमच्याकडं हळद शिजते. शिजवली की पंधरा-वीस दिवस खळ्यावर पसरून वाळवायची. डुकरं येतात, शेरडं येतात, कुणीतरी बसावंच लागतं. ती लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायची आणि मी फावडं घेऊन हळद उलथीत फिरायचो. लांब गेलो की ती आवाज चढवायची. एकदा रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, भांडण चालू हाये का? मी म्हटलं, न्हाई बाबा, अमेरिकेचा माणूस उपाशी मरून राहिला.

तो उपाशी मरत होता हे खरं, पण आपल्या पायानं. बाप लहानपणी गेला, मामानं वाढवला, छापखान्यात खिळे जुळवायला लावला. चांगलं काम होतं. ते त्यानं सोडलं, कारण त्याला लिहायचं होतं. बायको केली ती हातमोजे शिवणारी. लोकांचे हात गरम ठेवायची, आणि घरची शेगडी गार. तो दिवसभर खिडकीपाशी बसून भुतं लिहायचा आणि मासिकवाले ती परत पाठवायचे. ही बाई रात्रंदिवस टाके घालायची आणि त्याला भाकर घालायची. मग तिला खोकला लागला. बर्फ पडतंय, एकच खोली आणि घरात लाकूड नाही. आणि पुस्तकात साफ लिहिलेलं होतं की त्याही महिन्यात त्यानं कागद आणला. लाकडाला पैसे नव्हते, कागदाला होते.

मी फावडं टाकून थुंकलो. म्हटलं, बैलाला असं ठेवलं तरी लोक तोंडात शेण घालतील.

ती म्हणाली, "ऐका तर. पुढं लई हाये."

पुढं काय, ती मेली. ती मेल्यावर महिना व्हायच्या आत त्यानं गोष्ट लिहिली, की मेलेली बायको रोज संध्याकाळी येते, गार शेगडीपाशी बसते आणि हात शेकते. आणि ती गोष्ट विकली गेली. अशी विकली गेली की त्याला नाव मिळालं, पैसा मिळाला, दुसरी बायको मिळाली, टेकडीवर बंगला मिळाला. मग त्यानं जन्मभर तेच केलं. कधी मेलेली बायको विहिरीतून येते, कधी आरशात येते, कधी दुसरीच्या अंगात येते. मोठ्या मोठ्या हॉलात तो उभा राहून वाचायचा आणि बाया चक्कर येऊन पडायच्या म्हणे. मढ्यावर बसलेला डोमकावळाच तो.

माझ्या बायकोला मात्र त्याच्या गोष्टी आवडायच्या. ती शेगडीची गोष्ट वाचताना तिनं असा आवाज लावला होता की भर दुपारी माझी पाठ गार झाली. ती हसली. म्हणाली, मानूस हरामखोर हाये, पन लिहितो झाक.

तिला एक खोड होती. पुस्तक हातात आलं की ती शेवट आधी वाचायची. त्यामुळं त्याचं म्हातारपण आम्ही त्याच्या तरुणपणाच्या आधीच वाचून काढलं होतं. म्हातारपणी पेपरवाल्यांनी त्याला विचारलं, तुमची पहिली बायको थंडीनं मेली हे खरं का? तो म्हणाला, तिनंच मला शेगडी पेटवू दिली नाही. आधी कागद आणा, असं तीच म्हणायची.

माझ्या बायकोनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. "मेलेल्या बाईच्या तोंडात काय बी घालावं," ती म्हणाली. "ती काय उठून खोटं हाये म्हनती?"

मी लई हसलो त्यावर.

हळद वाळली की ढोलात घालून पॉलिश करायची. ढोल फिरतो, हळद एकमेकीवर घासते आणि पिवळी धूळ उडते. डोळ्यात, नाकात, कानात जाते. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांचाच थुंका पिवळा असतो. ती खोकायची, थुंकायची, पिवळंच पडायचं. मी बघायचो आणि म्हणायचो, हळद आहे. पॉलिश होऊन पंधरा दिवस झाले तरी पिवळंच पडत होतं. तरी मी म्हणायचो, हळद आहे. आता ते आठवलं की मला माझ्याच डोळ्यांची किळस येते.

एक दिवस ती पुस्तकातल्या त्या बाईच्या आजारपणाचं पुन्हा काढून वाचत होती. वाचता वाचता थांबली. मागं गेली, परत वाचलं. दिवस मावळताना अंग तापतं, रात्री घामानं कपडे भिजतात, गाल लाल होतात, बोटातली अंगठी निसटून पडते. तिनं हात वर केला. बांगड्या खळखळ करत कोपरापर्यंत गेल्या.

"अवो," ती म्हणाली, "मी तीच हाये."

"कोन?"

"ह्याची बायको. तिला जे झालतं तेच मला झालंय. मला नांदेडच्या दवाखान्यात दाखवा."

माझा माल पडून होता. भाव उतरत होता. मी म्हटलं, सौदा झाला की जाऊ.

आणि त्या दिवशी संध्याकाळी मी ही गोष्ट आक्काला गंमत म्हणून सांगितली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. विधवा आहे, आमच्या मागच्या गल्लीत राहते, माय गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्या शब्दाबाहेर मी साठ वर्षांत गेलो नव्हतो. मी सांगितलं, आमची बाई म्हणून राहिली की ती अमेरिकेच्या माणसाची मेलेली बायको आहे. मला वाटलं आक्का हसेल. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

आमच्याकडं भूतबाधा म्हणत नाहीत. नाव घेतलं की ते येतं असं म्हणतात. म्हणून 'बाहेरचं' म्हणतात. आक्का म्हणाली, सांजंला अंग तापतं, वाळत चालली, भुताचं पुस्तक उशाशी, आणि मी तीच हाये म्हणती. हे बाहेरचं हाये. आणि हे तर पार समुद्राच्या बाहेरचं.

ती तशीच माझ्या घरी आली. बायको भाकरी करत होती. आक्का दारातूनच म्हणाली, "खरं सांग, तू कोन हायेस?"

बायकोला आधी कळलं नाही. मग माझ्या तोंडाकडं बघून कळलं. तिला राग आला. तिचा राग असा की ती खरं ते दुप्पट जोरात बोलायची. "सांगितलं ना त्यांना," ती म्हणाली. "मी तीच हाये. दवाखान्यात न्या न्हाईतर तिच्यासारखीच जाईन."

आक्कानं माझ्याकडं बघितलं, ऐकलंस ना, अशा नजरेनं. आणि मी ऐकलं. तेच शब्द. दुपारी मला ते एका आजारी बाईचे वाटले होते. चार तासांत आक्काच्या बाजूला उभा राहून ऐकले तर तेच शब्द दुसऱ्या कुणाचे तरी वाटले. असं कसं होतं ते मला अजून कळत नाही. झालं एवढं खरं.

आक्कानं ते पुस्तक हातानं उचललं नाही. चुलीपाशी सांडशी होती, तिनं धरून उचललं आणि परसात नेऊन जाळलं. बायको भाकरी तव्यावर तशीच ठेवून बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, दोन गोष्टी राह्यल्या होत्या वाचायच्या.

आमची एकच पोरगी. कळमनुरीला दिलेली. तिला तेव्हा पाचवा महिना होता. आक्का म्हणाली, पोटुशीची सावली इथं पडू द्यायची नाही. बाहेरचं आधी पोटातल्यावर जातं. आवाजानंसुद्धा जातं म्हणाली, म्हणून फोन मी खिशात ठेवायला लागलो. पोरीचा फोन आला की मी बाहेर जाऊन बोलायचो. आईला जरा खोकला हाये, झोपलीय, तू येऊ नको, डॉक्टरनं तुला हलू नको म्हटलंय ना. आत बायको हाक मारायची, "पोरीचा हाये का? द्या ना इकडं." मी ऐकलं नाही असं करायचो.

मग भगत आला. गाव सांगत नाही. माणूस तोंडानं गोड, दोन पोरं शहरात शिकतात. त्यानं चार अमावास्या सांगितल्या. एका अमावास्येला एक गाठ सुटते म्हणाला. चार अमावास्या म्हणजे किती महिने हे मला चौथी शिकलेल्याला मोजता येत होतं. मी मोजलं नाही.

पहिल्या अमावास्येला राख दिली, लिंबं कापली. दुसऱ्या अमावास्येला धुनी. भर दुपारी बारा वाजता, ओसरीवर. निखारे, त्यावर ऊद, मोहरी आणि लाल मिरच्या. तिला पुढं बसवलं आणि डोक्यावरून चादर घातली, धूर बाहेर जाऊ नये म्हणून. चादरीची दोन टोकं आक्कानं धरली होती, दोन मी. ज्या बाईचं फुफ्फुस सडत होतं तिला मी माझ्या हातानं मिरचीच्या धुरात कोंडलं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता पुढचं लिहितो.

चादर काढली तेव्हा तिचं तोंड नाकाडोळ्यातल्या पाण्यानं भरलेलं होतं. खोकला थांबेना. गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. भगतानं तिची वेणी धरली आणि नेहमीचा सवाल केला. बाहेरच्याला आधी नाव विचारतात.

"नाव सांग. कोन हायेस तू?"

ती खोकत होती. भगतानं वेणीला हिसका दिला आणि परत विचारलं. तेव्हा तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि त्या गोऱ्या बाईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. बराबर, पुस्तकात वाचायची तसं. असलं नाव कुणी कधी ऐकलं नव्हतं. भगताचा पण हात जरा ढिला झाला. त्याला आजवर गावातल्याच विहिरीत पडलेल्या बाया भेटलेल्या.

मला ठाऊक होतं. त्या ओसरीवर एकट्या मलाच ठाऊक होतं की हे नाव कुठून आलं. हळद उलथताना मी ते पन्नास वेळा ऐकलं होतं. ती भुतानं बोलत नव्हती, ती मला टोमणा मारत होती. तुला आता तरी कळतंय का, असं ती सगळ्या गल्लीच्या देखत मला एकट्याला विचारत होती.

भगत सावरला. "काय पायजे तुला? काय घेऊन सोडशील हिला?"

"दवाखाना," ती म्हणाली. "मला दवाखान्यात न्या."

भगत हसायला लागला. "लई हुशार भूत हाये," तो लोकांना म्हणाला. "कोंबडं न्हाई, नारळ न्हाई, ह्याला दवाखाना पायजे. तिथं रोगी लई. एक झाड सोडून दुसरं धरायला बराबर जागा."

गल्ली हसली. आक्का हसली. आणि मी हसलो. भीतीनं हसलो का लोकांच्या संगतीनं हसलो, काय बी म्हणा. तिनं मला हसताना बघितलं. त्यानंतर तिनं दवाखान्याचं नाव काढलं नाही. पुढच्या दोन्ही धुन्यांना ती आपली आपण येऊन बसली आणि चादर पण स्वतःच ओढून घेतली.

श्रावण सरताना पोरीला पोरगी झाली. जावई पेढे घेऊन न सांगता आला. सासूला बघून त्यानं पेढ्याचा पुडा दारातच ठेवला, मला एक शब्द बोलला नाही, गावातली जीप आणली आणि तिला उचलून आत घातलं. नांदेडच्या दवाखान्यात एक पोरसवदा डॉक्टरीण होती. तिनं थुंकी तपासली, फोटो काढला. टीबी निघाली आणि शुगर पण निघाली. मला विचारलं, कधीपासून खोकला? मी म्हटलं, पंधरा दिवस झाले असतील. तिनं फोटो उजेडात धरला आणि म्हणाली, "बाबा, हे पंधरा दिवसांचं नाही." मग म्हणाली, ह्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट असतात, तुमच्या तिकडच्या जवळा बाजार गावात पण मिळाल्या असत्या. जवळा बाजारला मी दर बाजाराला जातो.

अकराव्या दिवशी ती गेली. नात बघितली नाही. ओली बाळंतीण, तिला कोण येऊ देतं?

पोरगी आली ती दिवस झाल्यावर, दीड महिन्याचं लेकरू घेऊन. दारातच उभी राहून मला म्हणाली, "दादा, काहून नेलं न्हाई तिला?"

आणि माझ्या तोंडातून तयार असल्यासारखं आलं, "तीच नको म्हनायची, माय. लई हट्टी. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर यायची."

आक्का माझ्यामागं उभी होती. तिनं मान हलवली. बस, इतकंच. पोरीनं विश्वास ठेवला, कारण आई हट्टी होतीच. मी आत जाऊन भिंतीला तोंड करून बसलो तेव्हा मला कळलं की मी कुणाचं बोलणं बोललो. ज्या माणसावर मी खळ्यात थुंकलो होतो, त्याला तेच खोटं बोलायला म्हातारपण यावं लागलं होतं. मला दोन महिने पण लागले नाहीत.

त्या दिवसापासून तो अमेरिकेचा माझ्या डोक्यात बसला. मला वाटायचं, त्याला रात्री झोप लागत असेल का? त्याच्या फोटोतले डोळे आठवायचे. जावई एकदा आला तेव्हा मी त्याला तोडकंमोडकं नाव सांगून मोबाईलात बघायला लावलं. त्याला वाटलं म्हातारा सरकला. पण सापडलं, व्हिडिओसकट. त्याचा तो टेकडीवरचा बंगला आता तिकीट लावून दाखवतात. खाली एक खोली केली आहे, ती पहिली एक खोली होती तशी. तिथं गार शेगडीपाशी मेणाची बाई बसवली आहे. बटण दाबलं की ती खोकते. लोक रांगेत उभे राहून बटण दाबतात, ती खोकली की ओरडतात आणि हसतात, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात. एक बाई तर लेकराचं बोट धरून बटण दाबत होती. जावई म्हणाला, लई चालतं म्हणे हे. मी त्याला ते बंद करायला सांगितलं. पण त्या लोकांना काय म्हणू? माझ्या ओसरीवर तर तिकीट पण नव्हतं.

पोरीचं म्हणाल तर ती आईवर रागावलेली राहिली. मेलेल्या माणसावरचा राग मी पहिल्यांदाच बघितला. तो वाढतच जातो, कारण पुढून उत्तर येत नाही. ती आईला आई म्हणेना, 'ती बाई' म्हणायला लागली. तिच्या नवऱ्यानं फोटो मढवून आणला तो तिनं भिंतीला लावू दिला नाही. आईची लुगडी लोकांना वाटून टाकली. फोनवर मला म्हणायची, दादा, तुमची लई तकलीफ केली तिनं, शेवटपर्यंत आपलंच खरं केलं. मला बरं वाटावं म्हणून म्हणायची. मी हं म्हणायचो. वर्षभर हं म्हणालो.

वर्षश्राद्धाच्या आधी ती आठ दिवस येऊन राहिली. नात वर्षाची झालेली, पाय टाकायला लागलेली. एक दिवस सकाळी पोरगी ओसरीवर जेवणाची डाळ निवडत होती आणि नात ताटलीत हात घालत होती. पोरगी तिचा हात बाजूला करत होती, परत परत. हसत हसत, लेकराशी बोलतात तसं तिनं ते म्हटलं.

"आजीला बोलाव, जा. आजी कुठली? तुझ्या आजीला तू नको होतीस. तिला मरायचं होतं, तिला कशाला पायजे नात?"

मी खांबाला टेकून बसलो होतो. त्याच ओसरीवर. मला वाटलं मी आता बोललो नाही तर हे लेकरू हेच शिकून मोठं होईल. पुढं आपल्या लेकरांना हेच सांगेल. आणि ती बाई कुठून तरी उठून खोटं आहे म्हणणार नाही.

मी म्हटलं, "माय, तुझी आई नको म्हणाली नव्हती."

तिनं डाळीतून मान वर केली नाही. मी सगळं सांगितलं. पुस्तक, बांगड्या, आक्का, फोन, भगत, चादर. चादरीची टोकं कुणी धरली होती ते पण. ती निवडत राहिली. खडे एका बाजूला, डाळ एका बाजूला. माझं संपलं तेव्हा ताटलीत निवडायला काही उरलं नव्हतं, तरी बोटं फिरत होती.

मग तिनं विचारलं, "किती वेळा म्हणाली?"

"तीनदा."

"काय शब्द होते?"

मी तिन्ही वेळचे शब्द सांगितले. त्या गोऱ्या बाईचं नाव पण घेतलं, मला येतं तसं.

"आन तुमी काय केलं तिसऱ्या वेळी?"

"हसलो."

नातीनं ताटली उपडी केली, डाळ सगळीकडं झाली, तरी पोरीनं तिला अडवलं नाही. मग म्हणाली, "मला बोलवायची का?"

"रोज. फोन वाजला की हाक मारायची."

"मला वाटायचं टीव्ही चालू हाये," ती म्हणाली. "फोनमधी यायचा आवाज. मी तुमाला म्हणायची पन, टीव्ही बारीक करा."

मग ती उठली आणि लेकराला कडेवर घेऊन आत गेली. मी डाळ गोळा केली.

ती रडली असेल तर मला दिसू दिलं नाही. मला वाटलं होतं शिव्या देईल, आणि मी त्या घ्यायला बसून होतो. शिव्या पण दिल्या नाहीत. वर्षश्राद्धाला माणसं आली. आक्का आली आणि सवयीनं चुलीपुढच्या पाटावर बसली. पोरगी पुऱ्या तळत होती. तिनं झारा हातात तसाच धरून भरल्या घरात, आवाज न चढवता सांगितलं की माझ्या आईनं तीनदा दवाखाना मागितला होता, आत्या, तुमी ऐकला होता आणि दादांनी ऐकला होता. आज जेवून जा, पण पुन्हा ह्या घराची पायरी चढू नका. आक्का माझ्याकडं बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हटलं, पोरगी बराबर बोलते. साठ वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. लोक म्हणाले, व्हायचं ते झालं, आता काहून उकरता. मग ते जेवले, आणि चांगले दाबून जेवले. बासुंदी पुन्हा मागून घेतली. त्या तोंडांची मला किळस आली, आणि त्यातलं एक तोंड माझंच होतं.

आईवरचा पोरीचा राग आता गेला. तो सगळा इकडं आला आहे, आणि तो इकडंच यायला पाहिजे होता. मला ती दादा म्हणत नाही. काही लागलं तर लेकराला सांगते, आजोबाला विचार बस किती वाजता आहे. जाताना पाया पडली नाही. कळमनुरीहून फोन येतो तो शेजाऱ्याकडं येतो, म्हातारा जेवतो का एवढं विचारते म्हणे.

पण जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी परसात खुरपं घासत होतो, आणि आतून तिचा आवाज येत होता. ती लेकराला मांडीवर घेऊन सांगत होती. तुझी आजी वसमतला जायची, बांगड्या भरायला नाही, किलोभर भुतं आणायला. ती काय करायची, शेवट आधी वाचायची. मग गोष्टीतली ती बाई अशी यायची, हळूच, अशी हात शेकायची. आणि तिनं तो आवाज लावला. हुबेहूब आईसारखा. तो तिनं कधी ऐकला असेल मला माहीत नाही, लहानपणी तिलाही ऐकवले असतील दुसऱ्या कुठल्या भुतांचे. लेकरू आधी गप झालं आणि मग खदखदून हसलं. पोरगी पण हसली. "अजून?" ती म्हणाली. "आजीची अजून एक सांगू?"

मी खुरपं घासायचं थांबवलं, आवाज होऊ नये म्हणून. मला कुणी आत बोलवलं नाही. मी तिथंच बसून ऐकलं.